घरपट्टी, गोदाम आणि आपला ऊस
(ऊस विकास विभागाकडून)



ह्या सदरात आम्ही एरवी लागण, बेणे, खोडवा, हुमणी, पाचट ह्या विषयांवर लिहितो. ह्या खेपेला घरपट्टीवर लिहिणार आहोत. "शेतकी खात्याच्या माणसाला घरपट्टीचं काय कळतं?" असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. आम्हालाही फारसे कळत नव्हते. परंतु प्रसंग असा आला की शिकून घेणे भाग पडले.

उसाच्या नोंदी घेताना चिटबॉयसह आम्ही पुणे शहराच्या बाजूच्या एका सभासदाच्या रानात गेलो होतो. तीन एकरांचा सलग प्लॉट, खोडवाही चांगला. ते म्हणाले, "साहेब, औंदा दोनच एकरांची नोंद धरा. रस्त्याकडंचं एकर मोडायचं ठरवलंय. गोदाम बांधतो. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं, तोडीची वाट बघायला नको." मग चहा घेताना त्यांनी भावाच्या शेडचे मिळकत कराचे बिल पुढे ठेवले. "एवढं जरा वाचून सांगा. आकडा बघून झोप उडालीय."

आम्ही ते बिल दोनदा वाचले. कळले नाही, आणि तसे सांगावे लागले. पदविकेला आम्हाला जमीन आणि खते शिकविली. करपात्र रक्कम म्हणजे काय हे कोणी शिकविले नाही. त्यानंतर जाणकारांना विचारून, कायद्याची पुस्तके चाळून जे समजले ते ह्या पाठात मांडले आहे. ज्यांची जमीन पुण्याच्या कडेला आहे, ज्यांचा पुण्यात एखादा गाळा वा फ्लॅट आहे, किंवा तसा विचार मनात आहे, त्यांनी हे जरूर वाचावे.

पुणे आपल्याकडे येत आहे

पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली. १९९७ साली भोवतालची ३८ गावे तिच्या हद्दीत घेतली गेली व त्यांतील काही पुढे वगळली गेली. २०१७ साली ११ गावे आली, २०२१ साली आणखी २३. त्यानंतर महापालिकेचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरांच्या वर गेले. ह्या गावांची नावे वाचली तर उरुळी देवाची, फुरसुंगी, मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी अशी कालव्याखालची बागायती गावे त्यांत दिसतात. आपले सभासद मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणाला जातात. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही वाट पाहिली आहे त्यांना दोन्ही बाजूंचा ऊस आठवत असेल. आज तिथे काय उभे आहे ते सांगायला नको.

गाव ग्रामपंचायतीत असते तेव्हा घरपट्टी ग्रामपंचायत घेते. २०१५ च्या नियमांनुसार ती जमीन व बांधकामाच्या भांडवली मूल्यावर बसते, आणि रक्कम बहुधा झेपेल अशी असते. गाव महापालिकेत गेले की पद्धतच बदलते. कायद्याने एक दिलासा ठेवला आहे. समाविष्ट गावांत पूर्ण कर एकदम लावत नाहीत. ग्रामपंचायतीच्या दरापासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतात. पण दिलासा म्हणजे माफी नव्हे. पहिल्या वर्षीचे बिल पाहून "एवढंच ना" म्हणणारा गडी चौथ्या-पाचव्या वर्षी डोक्याला हात लावतो.

पट्टी बसते कशी?

पुण्यात मिळकत कर वार्षिक करपात्र रकमेवर आकारतात. सोप्या भाषेत, ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडे येणे वाजवी आहे, ते धरतात. विभाग, बांधकामाचा प्रकार आणि वापर पाहून चौरस फुटाला महिन्याचा दर ठरलेला असतो. तो दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले १२ महिने, म्हणजे वर्षाचे भाडे. त्यातून दुरुस्तीखर्चासाठी १० टक्के वजा करतात. उरते ती करपात्र रक्कम. त्यावर सर्वसाधारण कर, पाणी, सफाई, अग्निशमन, वृक्ष वगैरे शीर्षकांची टक्केवारी लागून बिल तयार होते.

एक उदाहरण करून पाहू. ह्यातील दर व टक्केवारी आम्ही केवळ समजण्यापुरती धरली आहे. आपल्या बिलावरचे आकडे वेगळे असतील.

घर १,००० चौरस फूट, दर महिना २ रुपये. वर्षाचे भाडे २४,००० रुपये. दहा टक्के वजा जाता २१,६०० रुपये. सर्व करांची बेरीज ४० टक्के धरली तर कर ८,६४० रुपये. मालक स्वतः राहत असेल आणि करपात्र रकमेत ४० टक्के सवलत मिळाली तर रक्कम १२,९६० व कर ५,१८४ रुपये.

आता गोदाम ५,००० चौरस फूट. वापर बिगरनिवासी, म्हणून दर जास्त. समजा ५ रुपये. वर्षाचे भाडे ३,००,००० रुपये, वजावटीनंतर २,७०,०००. बिगरनिवासी करांची बेरीज ५० टक्के धरली तर कर १,३५,००० रुपये. प्रत्यक्ष भाडे चौरस फुटाला १२ रुपये येते असे समजू, म्हणजे वर्षाला ७,२०,०००. करात जवळजवळ १९ टक्के गेले.

इथपर्यंत ठीक. पण गोदाम सहा महिने रिकामे पडले तर? भाडे आले ३,६०,००० आणि कर तोच १,३५,०००. रिकाम्या जागेसाठी सवलत मागण्याची सोय नियमांत आहे, परंतु जागा रिकामी झाल्याची लेखी सूचना वेळेवर दिलेली असावी लागते. आपण ती देत नाही, कारण अशी काही सोय आहे हेच ठाऊक नसते.

आणि बांधकाम परवानगीविना केले असेल तर? महापालिका अधिनियमात २००८ सालापासून अशी तरतूद आहे की अनधिकृत बांधकामावर मिळकत कराच्या दुप्पट शास्ती लावावी. ही शास्ती कराच्या जागी नसून कराशिवाय आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात १,३५,००० कर व २,७०,००० शास्ती, एकूण ४,०५,०००. सहा महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त! वर बँकेचा हप्ता उभाच. एवढे भरूनही बांधकाम कायदेशीर होत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. "कर भरतोय, म्हणजे आता कोण पाडतंय" हा समज साफ चुकीचा आहे.

थकबाकीवर महिन्याला २ टक्के दंड चढतो. १,३५,००० वर महिन्याला २,७०० रुपये, वर्षाला ३२,४००. पीककर्जाच्या व्याजाशी ताडून पाहा.

बिल महापालिकेचे, वाटा शासनाचाही

बिलात सगळेच पैसे महापालिकेचे नसतात. १९६२ च्या कायद्यान्वये राज्य शासनाचा शिक्षण कर शहरातील इमारतींवर बसतो. बिगरनिवासी इमारतींवर त्याच्या जोडीला रोजगार हमी कर असतो. महापालिका हे पैसे वसूल करून शासनाकडे पाठविते.

ह्यावर शहरातला दुकानदार कुरकुरतो की खेड्यातल्या कामाचे पैसे माझ्या गाळ्यावर का? आपल्यातल्या जुन्या मंडळींना १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडायला गेलेली माणसे, दुष्काळी कामावरची सुकडी. त्याच दिवसांत उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे कायद्यात आली व २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. तिचा खर्च भागविण्यासाठी शहरातले धंदे, नोकरदार आणि बागायतदार अशा सर्वांवर थोडा थोडा भार टाकला गेला. बागायती उसासारख्या नगदी पिकांनाही शिक्षण कराच्या कायद्यात धरलेले आहे. तेव्हा हा भार एकट्या दुकानदारावर नाही, आणि त्यातून झालेले पाझर तलाव व रस्ते आपण वापरतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

धंदेवाल्यांचे म्हणणे काय?

पुण्याचा व्यापारी कराविरुद्ध बोलतो तेव्हा आपण म्हणतो, "ह्यांना काय कमी आहे?" पण त्यांचे म्हणणे नीट ऐकावे, कारण गोदाम बांधले की आपणही धंदेवालेच होतो.

पूर्वी शहरात माल शिरताना जकात द्यावी लागे. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतील उलाढालीवरचा तो कर गेला, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. महापालिकेच्या स्वतःच्या हातात जे उरले त्यात मिळकत कर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क हीच मोठी. म्हणून शहराचा खर्च वाढला की नजर भिंतींकडे वळते.

व्यापाऱ्यांची मुख्य तक्रार अशी की जकात माल आला तर लागे, विक्रीकर विक्री झाली तर लागे, पण मिळकत कर गिऱ्हाईक येवो न येवो, लागतोच. दुसरी गोष्ट, दर पुढे काय होणार हे आधी कळावे. पाच वर्षांचा भाडेकरार करून बसल्यावर तिसऱ्या वर्षी कर वाढला तर तो कोणी सोसायचा? कर थोडा जड असला तरी चालेल, पण तो ठरलेला असावा. उसाचा दर तोडीनंतर कळला तर आपल्याला कसे वाटते, तसेच हे.

सवलतींचीही हीच कथा. स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत पुण्यात १९७० पासून चालू होती. लेखापरीक्षणाच्या हरकतीनंतर ती थांबविण्यात आली आणि लोकांना वाढीव बिले गेली. २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने ती पुन्हा लागू झाली, परंतु अनेकांना आपण स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून अर्ज करावा लागला. अर्ज न करणारे मागे राहिले.

उरुळी देवाची व फुरसुंगीचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. ह्या गावांत रस्त्याकडेला गोदामे व कपड्यांची मोठी दुकाने उभी राहिली. २०१७ साली गावे महापालिकेत गेली. कराचा आकडा वाढत गेला आणि पाण्याची टंचाई मात्र तशीच राहिली, अशी लोकांची तक्रार होती. अखेरीस २०२४ साली ही दोन्ही गावे महापालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. म्हणजे कराचा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो हे पाहा. पण नगरपरिषद झाली म्हणून कर संपत नाही. रस्ता आणि पाणी फुकट कोणीच देत नाही.

दुसरी बाजू

महापालिकेचे म्हणणेही ऐकू. गाव हद्दीत आले की पाण्याची टाकी, मलनिःसारण, दिवे, कचरा, आगीचा बंब हे सर्व द्यावे लागते. कर न भरणाऱ्यांचा भार नियमित भरणाऱ्यांवर पडतो. जो माणूस एकरभर रानात पत्र्याचे गोदाम ठोकून मोठे भाडे खातो आणि घराची पट्टी भरतो, तो शेजाऱ्याच्या पैशाने रस्ता वापरतो. आपल्याकडेही पाणीपट्टी थकविणारा टेलच्या माणसाचे नुकसान करतो. न्याय सगळीकडे सारखाच लावला पाहिजे.

इंदापूरचा जुना धडा

कर कसा बसवावा ह्याचा एक मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात घडला आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीचा सारा ठरविला. कोणती जमीन किती पिकवील, खर्च वजा जाता काय उरेल, ह्याची कागदावर फार बारीक गणिते केली. गणित मोठे, पण प्रत्यक्ष रानात तेवढे पिकेना. सारा झेपेना म्हणून लोक जमिनी टाकून गेले. पुढे १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी इंदापुरात नव्याने पाहणी करून सारा कमी केला आणि तो ३० वर्षांसाठी कायम ठेवला. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. जागा काय देऊ शकेल ह्यावर कर लावायचा तर अंदाज वास्तवाला धरून हवा. आणि एकदा ठरला की काही वर्षे हलवू नये.

हा धडा जुना झालेला नाही. मुंबईत २०१० पासून मिळकत कर भांडवली मूल्यावर बसतो. तेथील मालकांनी काही नियमांविरुद्ध दाद मागितली. मोकळ्या जागेवर पुढे किती बांधता येईल ते धरून आजच कर लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कायम केला. प्रिंगलसाहेबाच्या चुकीला जवळजवळ दोनशे वर्षांनी पुन्हा उत्तर मिळाले असे म्हणावे लागेल.

कर फार घट्ट बांधून ठेवला तरी बिघडते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली मतदारांनी ठरविले की मिळकत कर मूल्याच्या १ टक्क्यावर जाऊ नये, आणि मिळकत विकली जाईपर्यंत धरलेले मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवू नये. जुन्या मालकांना निश्चिंती मिळाली. पण शेजारीच नवे दुकान घेणाऱ्याला त्याच आकाराच्या जागेवर कितीतरी जास्त कर पडू लागला. तेव्हा निश्चिंती हवी, पण ती नव्या-जुन्याला सारखी हवी.

सभासदांनी काय करावे?

१. बिल आले की प्रथम क्षेत्रफळ, वापर आणि मालकाचे नाव तपासावे. राहत्या घराला बिगरनिवासी धरले नाही ना, फूट बरोबर आहेत ना, हे टेप लावून पाहावे. उसाचे वजन आपण काट्यावर उभे राहून पाहतो. हेही तसेच पाहावे.

२. नवी आकारणी झाली की नोटीस येते. तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदत नाहीत. हरकतीनंतरही समाधान न झाल्यास न्यायालयात अपील करता येते, परंतु त्याची मुदत फार थोडी असते आणि वादातील रक्कम आधी भरावी लागते. म्हणून नोटीस दिवळीत ठेवू नये.

३. कर सहामाही असतो, १ एप्रिल व १ ऑक्टोबरला देय होतो. वर्षाच्या सुरुवातीला मुदतीत भरल्यास सर्वसाधारण करात सूट मिळत आली आहे. उसाचे बिल जमा होते त्याच सुमारास ही रक्कम बाजूला काढावी.

४. भाडेकरार लेखी करावा. मिळकत कर कोणी भरायचा, पुढे वाढला तर वाढ कोणाची, हे त्यात स्पष्ट घालावे. भाडेकरूने भरला नाही तर महापालिका मालकालाच धरते.

५. बांधकामाची परवानगी आधी, पाया नंतर. जमीन अकृषिक करणे हे महसूल खात्याचे काम आणि मिळकत कर हे महापालिकेचे. एकाचा कागद दुसरीकडे चालत नाही.

६. कराचे दर ठरतात तेव्हा लक्ष ठेवावे. अधिनियमाप्रमाणे पुढील वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरावे लागतात. आयुक्त वाढ सुचवितात आणि स्थायी समितीपुढे ती जाते. सुचविलेली वाढ फेटाळली गेल्याचेही पुण्याने पाहिले आहे. मार्च २०२२ पासून काही वर्षे पुण्यात लोकनियुक्त सभागृहच नव्हते, प्रशासकच सर्व ठरवीत. तेव्हा विचारायचे कोणाला, असा प्रश्न लोकांना पडला होता. जानेवारी-फेब्रुवारी हा आपला तोडीचा ऐन हंगाम, हे खरे. तरी गावातल्या चार जणांनी मिळून एक निवेदन देण्याइतका वेळ काढावा. बिल आल्यावर ओरडण्यात अर्थ नाही.

शेवटी

आम्ही ऊस खात्याचे, म्हणून "ऊस मोडू नका" असेच सांगणार, असे कोणी समजू नये. ज्याची जमीन शहराच्या तोंडाशी आहे त्याने धंदा करू नये असे आम्ही म्हणत नाही. पोरांना कामधंदा हवा आहे. आमचे एवढेच सांगणे की उसाचा हिशोब करता तसाच गोदामाचाही करा. एकरी ४० टन आणि टनाला हाती ३,००० धरले तर १,२०,००० येतात. बेणे, खत, पाणी वजा जाता काय राहते ते आपण जाणता. गोदामाचे भाडे त्याहून मोठे दिसते. पण भाड्यातून कर, हप्ता, दुरुस्ती व रिकामे महिने वजा करून मग तुलना करा. आणि रान एकदा मुरूम-काँक्रीटखाली गेले की परत लागणीला येत नाही, हे त्या हिशोबात धरायला विसरू नका.

ज्या सभासदाच्या घरून हा पाठ सुरू झाला, त्यांच्या भावाच्या बिलात क्षेत्रफळ जास्त धरलेले निघाले. टेप धरायला आम्हीच होतो. मुदतीत हरकत दिली आहे, पोचही घेतली आहे. निकाल अजून व्हायचा आहे. ते एकर त्यांनी यंदा मोडलेले नाही. "परवानगीचं कळू द्या, मग बघू," म्हणाले. तोवर खोडवा राखायचा ठरला. आम्ही तीन एकरांची नोंद घेतली आणि पाचट न जाळता सरीत कुजवायला सांगून आलो.

ज्या सभासदांना आपले बिल वाचून घ्यायचे असेल त्यांनी ते गट कार्यालयात घेऊन यावे. आम्ही वकील नाही, पण आकडेमोड करून देऊ. पुढील अंकात नेहमीप्रमाणे हुमणीच्या बंदोबस्ताविषयी लिहू.